पंचेचाळीस वाघिणी

पहाटे ४.४०, ठाकुर्ली

गजर पाचचा लावलेला असतो, पण मला उठवते ती मालगाडी. आमच्या इमारतीच्या मागेच रूळ आहेत. डिसेंबरातली थंडी म्हणून खिडकी लावून घेतली होती, तरी ब्रेक लागल्याचा लांबत गेलेला आवाज आला आणि मी उठून पडदा सारला. कल्याणच्या अलीकडे लाल सिग्नलला कंटेनरची गाडी उभी होती. थोड्या वेळानं ती हलली तशी मी मोजायला लागले. ही सवय लहानपणची. पंचेचाळीस वाघिणी. न्हावाशेव्याच्या बंदरातून निघून घाटाकडे चाललेले नव्वद कंटेनर.

आतल्या खोलीत अण्णा जागेच होते. वय त्र्याऐंशी.

"किती गं?"

"पंचेचाळीस."

"भरलेल्या?"

"आवाजावरून तरी भरलेल्या वाटतात."

अण्णांची उमेदीची वर्षं ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये गेली, बॉयलरवर. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला धावली. पुढच्या पाचेक वर्षांत तारा कल्याण ओलांडून दोन्ही घाट चढल्या, एक पुण्याला आणि एक इगतपुरीला. त्या गाड्यांना वीज पुरवायला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं १९२९ साली हे वीजघर उभारलं. पाणी उल्हास नदीचं आणि कोळसा रेल्वेनंच आणलेला. मुंबईच्या फलाटावर उभा असलेला माणूस म्हणायचा, विजेची गाडी आली, धूर गेला. तो धूर आमच्या चाळीत दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा. आई पांढरे कपडे घरात वाळवायची.

मी रेल्वेच्या नियोजनात तीस वर्षं काढली आणि आता निवृत्तीला पाच उरली आहेत. रेल्वेचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत निव्वळ शून्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. त्यावरच्या बैठकांमध्ये मी बसते तेव्हा आईनं घरात ताणलेली ती दोरी मला आठवते. धूर गेला की नुसता दुसरीकडे गेला, हे विचारल्याशिवाय मला कोणताही कागद पुढे सरकवता येत नाही.

५.३०

कल्याणहून कसारा लोकल. आज ऑफिसला उलट्या वाटेनं जायचं आहे, आधी घाट आणि मग मुंबई. टिटवाळा ओलांडल्यावर एका स्टेशनात लूप लाईनवर पहाटेचीच गाडी उभी दिसली. आमच्या लोकलला वाट देण्यासाठी तिला बाजूला घेतलं होतं. वाघिणींवरचे निळे-तांबडे डबे दिव्यांच्या उजेडात ओळखू आले. आम्ही तिला मागे टाकून पुढे गेलो. इथे मार्ग दोनच आहेत, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. त्यावरून लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि माल हे सगळे चालतात. वेळापत्रकाला बांधलेल्यांची वाट आधी मोकळी होते. मालाला वेळापत्रक नसतं म्हणून तो थांबतो.

७.१५, कसारा

तासाभरानं गाडी आली. मला घाटाच्या पाहणीसाठी इंजिनात बसायची परवानगी होती. मागून बँकर, म्हणजे गाडीला ढकलणारी जास्तीची इंजिनं, जोडण्याचं काम चालू झालं. मुंबईपासून दूर जाणारी गाडी रेल्वेच्या भाषेत 'डाऊन', मग ती डोंगर चढत का असेना. कसारा ते इगतपुरी हे पंधरा-सोळा किलोमीटर डाऊन गाडीसाठी देशातल्या सर्वांत कठीण चढांपैकी एक. ३७ला १. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. हा मार्ग १८६५ साली खुला झाला. त्या वेळच्या अभियंत्यांनी डोंगरात जिथे वाट सापडली तिथून ती काढली, आणि तिची किंमत आपण दीडशेहून अधिक वर्षं दर गाडीमागे मोजतो आहोत.

ती किंमत मी आज पुन्हा वहीत मांडली. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढ साधारण ३०० मीटर. गाडी सगळी मिळून तीन हजार टन धरली, तर नुसतं गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ते वजन वर न्यायला अडीच हजार युनिटच्या आसपास वीज लागते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या पंचवीस घरांची महिन्याची वीज, आणि ती पाऊण तासात संपते. घर्षण, वळणं, बँकरचं स्वतःचं वजन वेगळंच.

लोको पायलटनं वॉकीटॉकीवर मागच्याशी बोलून घेतलं, शिट्टी दिली, मागून उत्तराची शिट्टी आली आणि गाडी उचलली गेली. उचलली गेली असंच म्हणायला हवं. पुढच्या इंजिनात बसलं तरी मागून मिळणारा रेटा पाठीला जाणवतो. बोगदा, उजेड, पुन्हा बोगदा. एहेगावचा उंच पूल आला तेव्हा दरीत धुकं भरलेलं होतं आणि पलीकडच्या कड्यावर पहिलं ऊन पडलं होतं. इतक्या वेळा पाहूनही मी दर वेळी त्या पुलावर बोलणं थांबवते.

"मॅडम, उतरताना बघायला हवं तुम्ही," लोको पायलट म्हणाले. "जुन्या इंजिनात ब्रेक तापून वास यायचा. आता इंजिनच वीज परत देतं."

खरं आहे ते. थ्री-फेज इंजिनं उतारावर मोटारींचं जनित्र करतात आणि वीज तारेत परत सोडतात. खाली उतरणाऱ्या गाडीची वीज वर चढणाऱ्या गाडीला मिळू शकते. या घाटात मला ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. दोन गाड्या एकमेकींना दिसतही नाहीत, आणि एक दुसरीला वर ओढत असते.

८.०५, इगतपुरी

बँकर सोडवले. त्यात मिनिटं गेली. आणि ते बँकर आता रिकामे खाली जाणार, म्हणजे त्यांनाही घाटात एक वेळ राखून द्यावी लागणार. जी वाट एखाद्या भरलेल्या गाडीला मिळाली असती ती सुट्या इंजिनांना जाते. घाटाची क्षमता मोजताना अनेक जण हा परतीचा प्रवास विसरतात.

म्हणून घाटातल्या नव्या मार्गाचा विचार करताना चढ १००ला १ ठेवता येईल का, हे आम्ही तपासतो. तेवढ्या चढावर बँकर लागत नाही. पण डोंगर तोच आहे. ३०० मीटर चढायला ३७ला १नं अकरा किलोमीटर पुरतात, १००ला १नं तीस लागतात. ही जास्तीची लांबी सह्याद्रीत उघड्यावर मिळत नाही, डोंगराच्या पोटातच शोधावी लागते. म्हणजे लांब बोगदे, आणि बोगदा म्हणजे सिमेंट आणि पोलाद, आणि या दोन्हींच्या भट्ट्या कोळशावर. बांधकामातच झालेलं उत्सर्जन किती वर्षांच्या वाचलेल्या विजेनं आणि रस्त्यावरून उतरवलेल्या ट्रकांनी फिटेल, हे प्रत्येक पर्यायापुढे लिहिलं गेलं पाहिजे असा माझा आग्रह असतो. खर्चाचा रकाना असतो तसा कार्बनचाही हवा, आणि तो पहिल्या पानावर हवा.

आमची पंचेचाळीस वाघिणींची गाडी इगतपुरीत बाजूला उभी राहिली. मागून दोन एक्स्प्रेस येत होत्या. मी मुंबईकडे जाणारी गाडी पकडली.

९.१०, परतीच्या गाडीत

घाट उतरताना काही ठिकाणी महामार्ग दिसतो. ट्रकांची रांग होती. त्यातले कितीतरी लासलगाव-पिंपळगावकडचा कांदा घेऊन मुंबईला निघालेले असतात. देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला निघाली, तेव्हा मला फार आनंद झाला होता. पाच-दहा टनांचा माल असलेल्या शेतकऱ्याला रेल्वेत पुन्हा जागा मिळाली होती. एरवी रेल्वेला अख्खा रेक, म्हणजे पूर्ण मालगाडी, हवा असतो. एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणारा हजारो टन माल लहान व्यापाऱ्याकडे कुठून येणार? स्वातंत्र्याच्या सुमारास देशातल्या मालवाहतुकीच्या पाच भागांतले चार रेल्वेकडे होते. आता जेमतेम पाव हिस्सा उरला आहे. राष्ट्रीय रेल्वे योजनेत तो २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं आहे. हा आकडा गाठायचा तर कोळशाचे रेक वाढवून भागणार नाही. खाली घाटात दिसणारे हे ट्रक रुळांवर आले पाहिजेत.

यावर माझं मत पक्कं आहे आणि मी ते सगळीकडे मांडते. तार ओढणं हा या कामाचा पहिला आणि त्यातल्या त्यात सोपा भाग होता. १९२५ पासून २०१४ पर्यंत जवळपास २१,८०० किलोमीटर मार्गांवर वीज आली, आणि त्यानंतरच्या अकरा वर्षांत ४५ हजारांहून जास्त. ब्रॉडगेजचं जाळं ९९ टक्क्यांच्या घरात विद्युतीकृत झालं. हे माझ्या सहकाऱ्यांनी उन्हापावसात, रात्रीच्या ब्लॉकमध्ये केलेलं अफाट काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्यातून इंजिनाला जेमतेम चार युनिटांइतकं काम मिळतं. म्हणजे युनिटामागे ७०० ग्रॅमच्या जवळपास. आपल्या ग्रीडची वीजही युनिटामागे तितकीच, ७०० ग्रॅमच्या आसपास, कारण तिच्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग अजून कोळशाचा आहे. डिझेल बंद झालं, तेलाची आयात कमी झाली, हा नफा मोठा आणि खरा. कार्बनचा नफा मात्र दोन गोष्टींतून येईल. तारेमागची वीज स्वच्छ झाली तर, आणि रस्त्यावरचा माल रुळावर आला तर. आणि रुळावर जागाच नसेल तर तो येणार कुठे?

१२.२०, मुंबई

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या गर्दीतून वर ऑफिसात. टेबलावर मास्टर चार्ट पसरलेला होता. आडव्या रेषेवर चोवीस तास, उभ्या रेषेवर स्टेशनं आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. वेगवान गाडीची रेघ ताठ, मालगाडीची आडवी पडलेली. ताठ रेघ आडवीला जिथे गाठते तिथे आडवीला लूपमध्ये जावं लागतं. सगळ्या गाड्या सारख्या वेगानं धावल्या तर त्याच रुळांवर कितीतरी जास्त मावतील. वेगवेगळ्या वेगांच्या गाड्या एकत्र चालवल्या की चार्टवर पांढरे त्रिकोण उरतात. त्या त्रिकोणांत कुठलीच गाडी बसत नाही. पश्चिमेकडे न्हावाशेवा ते दादरी १,५०६ किलोमीटर आणि पूर्वेकडे लुधियाना ते सोननगर १,३३७ किलोमीटर असे मालगाड्यांचे स्वतंत्र मार्ग आखले गेले, त्याचं मूळ कारण हे त्रिकोण.

आमच्याकडे नव्यानं आलेला वाहतूक निरीक्षक कोकणातला आहे. त्यानं विचारलं, "मॅडम, कोकण रेल्वेवर २०२२ ला तार आली. मग गाड्या का नाही वाढवता येत?"

मी त्याला कागद घ्यायला लावलं. एकेरी मार्ग समज. दोन स्टेशनांमधला सगळ्यात वेळखाऊ टप्पा. सगळ्यात संथ गाडीला तो कापायला १५ मिनिटं लागतात आणि लाईन क्लिअर, म्हणजे पुढचा टप्पा मोकळा असल्याची परवानगी, घेण्यादेण्यात ५ जातात. दिवसाची १४४० मिनिटं भागिले २०, आले ७२. त्यातले ७० टक्के धरायचे. म्हणजे दोन्ही दिशा मिळून ५० गाड्या. याला स्कॉटचं सूत्र म्हणतात. आता तार आण. इंजिन ताकदवान झालं, १५ची १३ मिनिटं झाली. १४४० भागिले १८, आले ८०, त्याचे ७० टक्के ५६.

"फक्त सहाच वाढल्या," तो म्हणाला.

"तारेनं सहाच वाढतात. बाकीच्या दुसऱ्या मार्गानं वाढतात. समोरून येणारीसाठी थांबायचंच नाही म्हटलं की सगळं गणित बदलतं."

कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटरांत दुहेरी झालेला मोठा पट्टा रोहा ते वीर, सेहेचाळीस किलोमीटरांचा. आणि त्याच कोकणात १९९९ पासून भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा चालते. ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये बसलेला आणि ट्रकचं इंजिन बंद. शंभरेक बोगद्यांतून जाणारी ती गाडी पाहिली की मला वाटतं, सगळ्या प्रश्नाचं उत्तर तिथे रोज फिरतं आहे. त्याला फक्त वाट वाढवून द्यायला हवी.

डबा खाऊन झाला. मेथीची भाजी गार झाली होती.

२.१०, बैठक

विषय एका उड्डाणपुलाचा. रस्ता रुळांवरून न्यायचा आहे. आराखड्यात पुलाखालची उंची आजच्या तारेच्या हिशेबानं धरलेली होती. सर्वसाधारण मार्गावर ही तार रुळापासून साडेपाच मीटरांवर असते. पश्चिमेच्या मालवाहू मार्गावर ती सुमारे साडेसात मीटरांवर नेली, म्हणून तिथे कंटेनरवर कंटेनर ठेवून विजेच्या इंजिनानं गाडी जाते. तसली पहिली दीड किलोमीटर लांब गाडी जानेवारी २०२१ मध्ये धावली. एका गाडीच्या वाटेत चार गाड्यांचा माल गेला. मी म्हटलं, हा पूल शंभर वर्षं उभा राहणार. आज दोन मीटर वाचवले तर पुढची शंभर वर्षं इथून एकावर एक कंटेनर जाणार नाहीत.

"उंची वाढवली की पोचरस्ता लांबतो, जमीन वाढते, खर्च वाढतो," समोरच्या साहेबांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. जमीन कोणाची तरी असते, आणि ती देणाऱ्याच्या घरी या बैठकीचा चहा पोचत नाही.

मी त्यांना मुंबईची गोष्ट सांगितली. १९२५ साली आपल्याकडे १५०० व्होल्ट डीसी आलं. त्या काळात तेच योग्य होतं, जगात अनेक ठिकाणी तेच चालत होतं. १९५७ साली देशानं २५ किलोव्होल्ट एसी स्वीकारलं, कारण जास्त व्होल्टेजमध्ये उपकेंद्रं लांब लांब ठेवता येतात आणि तार हलकी लागते. पण मुंबईचं जाळं तोवर इतकं गुंतलेलं होतं की इथलं शेवटचं डीसी जायला २०१६ उजाडलं. अनेक वर्षं इगतपुरीत एक वीज संपायची आणि दुसरी सुरू व्हायची. लोकल एकही दिवस बंद न ठेवता, रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये थोडं थोडं करत बदल झाला. तेव्हाच्यांचं काहीच चुकलं नव्हतं, तरी एका निर्णयाचं आयुष्य नव्वद वर्षं निघालं. आता तर पुढे काय येणार ते आपल्याला दिसतं आहे.

पूल कोणत्या उंचीचा करायचा ते आज ठरलं नाही. दोन्ही पर्यायांचा खर्च मांडून पुन्हा बसायचं. माझं म्हणणं इतिवृत्तात घेतलं गेलं आहे, आणि ते शब्दशः आलं आहे की नाही हे मी उद्या वाचून बघणार आहे.

३.४०

आता दिवसातलं सगळ्यात शांत आणि सगळ्यात अवघड काम. आमच्या मार्गावर पुढच्या पंचवीस वर्षांत काय धावेल याचा तक्ता.

मंजुऱ्या वेगानं येत आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव-मनमाड चौथा मार्ग, १६० किलोमीटर, आणि भुसावळ-खांडवा तिसरा-चौथा, १३१ किलोमीटर. ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्धा-भुसावळ तिसरा-चौथा, ३१४ किलोमीटर. मनमाड-इंदूरचा ३०९ किलोमीटरांचा नवा मार्ग सप्टेंबर २०२४ मध्येच मंजूर झाला. नकाशावर मुंबईपासून विदर्भापर्यंत जाड होत जाणारी रेघ पाहून मला बरं वाटतं. माझ्या कारकिर्दीची पहिली वीस वर्षं अशी नव्हती.

पण तक्त्यात एक रकाना आहे कोळशाचा. भारतीय रेल्वे वर्षाला १६० कोटी टनांहून जास्त माल वाहते. त्यातला जवळपास निम्मा कोळसा असतो. चंद्रपूर-वणीकडच्या खाणींतून निघालेले रेक याच वाटेनं वीजघरांकडे येतात. मालगाडीच्या कमाईवर प्रवासी गाड्यांचं स्वस्त तिकीट उभं असतं, आणि त्या कमाईचा मोठा वाटा कोळशाचा. देश जसजसा कोळसा कमी जाळेल, तसतशी रेल्वेच्या पायाखालची ही वीट सरकेल. आम्ही आमची गाडी स्वच्छ विजेवर चालवायची म्हणतो, आणि जिच्यापासून सुटायचं तोच माल आमच्या गाडीत सर्वांत जास्त.

जुन्या तक्त्यांत कोळशाची रेघ दर वर्षी थोडी वर सरकवलेली असते. मी तसं करायला नकार दिला आहे. मी दोन तक्ते करते. एकात कोळसा अजून दहा-पंधरा वर्षं वाढतो आणि मग उतरतो, दुसऱ्यात तो लवकर उतरतो. दोन्हींत एक प्रश्न तोच राहतो. २०५० साली या चार मार्गांवरून काय जाणार? कंटेनर, सिमेंट, पोलाद, धान्य, मोटारगाड्या आणि फळभाजी. यातल्या प्रत्येकाला वेगळी वाघीण लागते, वेगळं टर्मिनल, वेगळी वेळ. कोळशाला पोचायला एक दिवस उशीर झाला तरी चालतो, डाळिंबाला चालत नाही. म्हणून कुठलं स्टेशन मालासाठी वाढवायचं, कुठे आजच दहा एकर जमीन राखून ठेवायची, रस्ता कुठून आणायचा हे त्या मार्गाच्या मंजुरीसोबतच ठरवावं लागेल. कोळसा कमी झाल्यावर रिकामे रूळ हातात घेऊन शेतकऱ्याकडे गेलो, तर तोवर त्यानं ट्रकचं कर्ज काढलेलं असेल.

५.००

ट्रॅक्शनच्या, म्हणजे गाड्यांना वीज पुरवणाऱ्या शाखेच्या लोकांबरोबर अर्धा तास. मध्य प्रदेशात बीनाला २०२० मध्ये १.७ मेगावॉटचा सौर प्रकल्प थेट रेल्वेच्या तारेला जोडला, तेव्हापासून सगळ्यांना हुरूप आहे. अडचण वेळेची आहे. ऊन दिवसा असतं, आणि दिवसा मुंबईच्या आसपास मालगाडीला वाट मिळत नाही. ती रात्री धावते. म्हणजे आमचा सर्वांत जड भार अंधारात.

मी म्हटलं, डोंगरातच उत्तर आहे. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र चालू आहे. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, कमी पडली की खाली सोडायचं. दुपारचं ऊन पाण्याच्या रूपात वर साठवून रात्री घाटातल्या गाडीला देता येईल. तरुण अभियंत्यानं लगेच मागणीचा आलेख काढला. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड पाहून मी आणखी पंधरा मिनिटं थांबले, नाहीतर पाच-वीसची लोकल मिळाली असती.

निघताना शाखेतले शिपाईदादा दार लावायला आले. ते बीड जिल्ह्यातल्या आष्टीचे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी गेली सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्या दिवशी ते रजा घेऊन गेले होते.

"वडील मंजुरीच्या साली म्हणाले होते, आता दोन वर्षांत गाडी," ते आज म्हणाले. "त्यांचा फोटो घेऊन बसलो मॅडम गाडीत. खिडकीपाशी धरला."

मी काहीच बोलू शकले नाही. त्यांनी दिवे मालवले.

रात्री ८.१५, ठाकुर्ली

अण्णांना जेवायला वाढलं. घाटातलं ऊन, एहेगावचा पूल, उतारावरून परत येणारी वीज हे सगळं त्यांना सांगितलं. वीज परत येण्याचं त्यांना दर वेळी नव्यानं ऐकायचं असतं.

"म्हणजे आमचा बॉयलर तेवढा वेळ बंद ठेवता आला असता," ते म्हणाले, आणि बराच वेळ ताटाकडे पाहत राहिले. "रात्रपाळीला फार धग असायची गं."

१०.२५

झोपण्याआधी कंट्रोलला फोन केला. पहाटेच्या कंटेनरच्या गाडीचं काय झालं? ड्युटीवरच्या मुलानं संगणकावर पाहिलं. इगतपुरीत पावणेदोन तास उभी होती. मनमाडच्या अलीकडे पुन्हा बाजूला घेतली. भुसावळला आली १०.१० ला.

मी वही काढली. ठाकुर्ली ते भुसावळ साधारण ३९० किलोमीटर, साडेसतरा तास. ताशी बावीस किलोमीटर. राष्ट्रीय रेल्वे योजनेतलं उद्दिष्ट ताशी पन्नास. ते गाठलं तर हीच गाडी साडेबाराच्या सुमारास भुसावळला पोचली असती, आणि ज्या वाघिणी, जे इंजिन आणि जी माणसं तिच्यासोबत दिवसभर अडकली, ती संध्याकाळी दुसऱ्या मालाला लागली असती.

"पुढे कधी निघेल?"

"क्रू बदलायचाय मॅडम. मग पाथ मिळाला की."

मी तारीख घालून आकडा लिहिला. त्याच्यावरच्या ओळीत मागच्या मंगळवारचा होता, एकवीस. खिडकीखालून कल्याणकडे जाणारी एक गाडी सुरू झाली. आतून अण्णांचा आवाज आला.

"मोजतेस का?"

मी पडदा सारला.